शाई न लागलेली बोटं

फेब्रुवारी सरत आला की आमच्या घराला गंधकाचा वास यायला लागतो. पुढच्या खोलीत लेथ आहे आणि तिथं दिवसभर एबोनाइटचे काळे दांडे कातले जातात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. थंडीत त्याचा भुसा लेथखाली गप्प पडून असतो. उन्हानं पत्रे तापायला लागले की वास उठतो आणि स्वयंपाकघरापर्यंत येऊन भाकरीत शिरतो. पाहुणे नाक मुरडतात. मला मात्र हा वास आला की कॅलेंडर बघावं लागत नाही. रानात हरभरा काढणीला आलेला असतो, रामलिंगाच्या डोंगरात पळस फुललेला असतो, आणि गल्लीतली पोरं हातात गाईड घेऊन गच्चीवर येरझाऱ्या घालत असतात. परीक्षा आल्या.

आणि दरवर्षी मला तो एकच उन्हाळा आठवतो, माझ्या लग्नानंतरचा पहिला.

मी जळकोटची. हायवेला लागून घर, रात्रंदिवस ट्रकांचा आवाज, आणि पेन या वस्तूबद्दल माझं ज्ञान एवढंच की तो संपला की फेकून द्यायचा. अशा मुलीचं लग्न झालं ते फाउंटन पेन करणाऱ्यांच्या घरात. हे घर धाराशिवचं, तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणायचे. पहिल्याच दिवशी नवऱ्यानं माझ्या पर्समधला बॉलपेन बघितला, इकडंतिकडं पाहिलं आणि तो गुपचूप ट्रंकेच्या तळाशी सरकवला. म्हणाला, बाबांच्या नजरेला पडला तर ते जेवायचे नाहीत. मला वाटलं, नवी नवरी म्हणून चेष्टा चालली आहे. दोन दिवसांत कळलं की या घरात दारूची बाटली एक वेळ खपली असती.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. गल्लीतली आणि बाहेरगावची गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना मामाच म्हणायची, त्यामुळं मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. उंच, सडसडीत, डोळ्यावर भिंग चढवलेलं, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघायची सवय. मला बघायला आले होते तेव्हासुद्धा त्यांनी माझे हातच बघितले म्हणे. चहाचा ट्रे सांडला नाही म्हणून मी पसंत पडले, असं नवरा अजून सांगतो.

मामांचे वडील खरादी होते, लाकूड कातणारे. निजामाच्या राज्यात दर्ग्याकडं जाणाऱ्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याच्या खुंट्या, पोरांचे भोवरे. एकदा कचेरीतला कुणी कारकून आपल्या विलायती पेनाचं फुटलेलं टोपण घेऊन आला. यांनी ते दिवसभर हातात फिरवलं, कुठून तरी एबोनाइटचा दांडा पैदा केला आणि हुबेहूब टोपण कातून दिलं. पुढं टोपणावरून पेनाच्या नळीवर गेले, नळीवरून अख्ख्या पेनावर. निब तेवढी बाहेरून यायची. निजाम गेला, कचेरीचा कारभार उर्दूतून मराठीत आला, आणि कारकुनांची मोठी पंचाईत झाली, कारण उजवीकडून डावीकडं चालायला घासलेल्या निबा आता उलट्या चालायला तयार होईनात. तेव्हा सगळ्या कचेरीच्या निबा आमच्या घरात घासल्या गेल्या. ही गोष्ट सांगताना मामांना असा चेव यायचा की वाटावं, निजामाला यांच्या वडिलांनीच घालवलं.

पुढं मामांच्या हातात कारखाना आला. कारखाना म्हणायचं आपलं. एक लेथ, एक खिडकी, निब घासायचा एक दगड. पण तलाठी, वकील, मास्तर, कोर्टाबाहेर बसणारे अर्जनवीस, सगळ्यांच्या खिशाला आमचाच पेन असायचा. मग बॉलपेन आला आणि एकेक जण गेला. कुणी सांगून गेलं नाही. सण असला की भेटायला यायचे, खिशातला बॉलपेन रुमालाखाली झाकून.

राहिली ती फक्त दहावीची पोरं. आपल्याकडं दहावी म्हणजे काय असतं ते सांगायला नको. ज्याच्या बापानं, चुलत्यानं मामांच्या पेनानं पेपर लिहिले होते, त्याला वाटायचं, आपल्या पोराच्या हातातही तोच असावा. वाशीहून, येडशीहून बाप पोराला घेऊन यायचे. मामा पोराला बाकावर बसवून कागद द्यायचे आणि म्हणायचे, लिही काहीतरी. पोरगं घाबरून आपलं नाव लिहायचं. मामा अक्षर बघायचेच नाहीत. मनगट कसं टेकतं, बोटं कुठं धरतात, कागदावर जोर किती, हे बघून त्या हातापुरती निब घासायची. मग नळीवर सुईनं पोराचं नाव कोरायचं आणि त्यात चुना भरायचा. काळ्यावर पांढरं नाव काय सुंदर दिसायचं.

शेवटचं काम घरातल्या सगळ्यांचं. नवा पेन लिहिता करायचा. म्हणजे पोराच्या हातात जाण्याआधी आपण त्यानं पानंच्या पानं लिहायची. नव्या सुनेला पहिलं काम मिळालं ते हे. काय लिहू, विचारलं तर मामा म्हणाले, मनाला येईल ते. मी जळकोटच्या सगळ्या मैत्रिणींची नावं लिहिली, ती संपल्यावर घरातल्या भाज्यांची लिहिली, आणि एकदा सासूबाईंची तक्रारसुद्धा लिहिली. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या शेजारीच बसलेल्या, पण त्यांना लिहिण्याची फारशी सवय नाही, म्हणून त्या रांगोळीचे गोल, वेल, पावलं काढायच्या. दुपारभर आम्ही दोघी सासवासुना परीक्षेला बसल्यासारख्या मान खाली घालून असायचो. त्या दुपारींमुळंच आमचं जमलं, असं मला वाटतं.

निकाल लागला की पोरं पेढे घेऊन यायची. मामा आधी पेन मागायचे. भिंगाखाली निब धरायचे आणि खूश होऊन घरातल्यांना हाक मारायचे, की बघा, एवढे पेपर लिहून झाले तरी निब तसूभर झिजली नाही. हे मला नवऱ्यानं अभिमानानं सांगितलं होतं, आणि मीही ते तितक्याच अभिमानानं माहेरी सांगितलं होतं.

माझ्या लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात चिकुनगुनियाची साथ आली होती. घर अंथरुणाला खिळलं होतं. बाकीचे उठले, मामांची बोटं मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत. सकाळी चहाचा कप धरताना ते दोन्ही हात लावायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, थंडी आहे, ऊन पडलं की मोकळी होतील. निबेची धार ते अंगठ्याच्या नखावर फिरवून बघायचे, डोळ्यांपेक्षा त्यांचा बोटांवर भरवसा. त्या वर्षीही त्यांनी सगळ्या निबा तशाच नखावर तपासल्या आणि ठीक आहेत म्हणाले. ठीक आहेत म्हटल्यावर विचारणार कोण? मला तर फाउंटन पेन कसा चालायला हवा हेच ठाऊक नव्हतं. आत्या म्हणाल्या, यंदाचे पेन लई मोकळे चालतात, रांगोळी झरझर निघते. त्यांना ते कौतुकाचंच वाटलं.

पहिल्या पेपरच्या आदल्या दुपारी कोर्टातले एक जुने अर्जनवीस, चाचा म्हणायचे सगळे त्यांना, गप्पा मारायला येऊन बसले होते. उरलेल्या पेनांतला एक त्यांनी सहज उचलला आणि कुणाचा तरी अर्ज लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या आणि टपकन शाईचा थेंब पडला. पुसला, पुन्हा लिहिलं, पुन्हा पडला. चाचांनी पेन मामांसमोर धरला.

“देखो तो उस्ताद,” ते हळू आवाजात म्हणाले, “शाई रुकतीच नै.”

मामांनी भिंग चढवलं. निबेच्या मधोमध जी चीर असते, जिच्यातून शाई उतरते, ती फाकलेली होती. दुसरा पेन बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांची तीच गत. बोटांना धार कळेना म्हणून ते दगडावर निब जास्त दाबत गेले होते, आणि प्रत्येक दाबाबरोबर चीर फाकत गेली होती. आणि याच हातानं घासलेले पेन आता गावोगावच्या पोरांच्या दप्तरात होते. उद्या अकराला पेपर.

मी माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ते ओरडले नाहीत, कुणाला बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, “एखाद्याचा पेपर शाईनं माखला तर तपासणारा काय करंल? वरीस जाईल पोराचं.” फोन सगळ्यांकडं कुठले असायला. नवऱ्यानं शाळांची नावं आठवून काढली, कोण कुठल्या केंद्रावर असेल याचा अंदाज बांधला. मामांनी पायात चप्पल घातली आणि समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात बॉलपेनचं अख्खं खोकं होतं. आत्यांनी ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला. त्या हसतायत की रडतायत हे मला कळेना, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

सकाळी नवरा मोटरसायकलवरून येडशीच्या केंद्राकडं गेला. मामा गावातल्या मोठ्या शाळेवर निघाले आणि मीही त्यांच्यामागं निघाले, कारण त्यांचा चेहरा बघून एकटं सोडवेना. फाटकापाशी गर्दी. कुणी देवाचा अंगारा लावतंय, कुणी शेवटच्या क्षणी निबंध पाठ करतंय. मामा खोकं काखेत धरून प्रत्येक तोंडाकडं बघत होते, आणि त्यांना एकही तोंड ओळखू येत नव्हतं, कारण त्यांनी पोरांचे हात बघितले होते, तोंडं नाही. शेवटी एका मुलीनंच त्यांना हाक मारली. सुजाता तिचं नाव, येडशीच्या रेल्वेतल्या एका गँगमनची मुलगी. तिच्या मावशीकडं राहून ती इथल्या शाळेत शिकत होती.

मामांनी तिच्यापुढं बॉलपेन धरला. “बाळ, म्या दिलेला पेन भायेर काढू नको. त्यानं लिवू नको. ह्यो घे.”

तिला काही समजेना. तिनं कंपास उघडला. आत मामांचा पेन होता, रुमालात गुंडाळलेला, आणि त्याच्याशेजारी चांगले तीनचार बॉलपेन.

“मामा, त्यानं लिवतंय कोन?” ती म्हणाली. “त्यो जवळ ठिवायचा असतोय. पप्पा म्हनलं, मामाचा पेन जवळ असला की आठवतंय. लिवायला बॉलपेनच की. त्या पेनानं तीन तासांत कुठं उरकतंय?”

“आन् शाई?”

“ओतून टाकली. दप्तर घान हुतंय ना.”

“सगळी असंच करत्यात?”

“व्हय. माजी ताई बी असंच करायची.”

घंटा झाली आणि ती पळाली. मला त्या मुलीचा इतका राग आला की काय सांगू. तिचा, तिच्या ताईचा, पेढे आणणाऱ्या सगळ्यांचा. मामांकडं बघायची हिंमत होईना. मी म्हटलं, चला घरी. ते हलले नाहीत. म्हणाले, एकटीनं सांगितलं म्हणून सगळ्यांचं खरं कसं धरायचं, एखादा लिहीत असला तर? पेपर सुटेपर्यंत आम्ही समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो. ऊन चढलं. खोकं त्यांच्या मांडीवर. एकदा चहा घेतला, तोही निवला.

पेपर सुटला आणि पोरांचा लोंढा बाहेर आला. मामा फाटकाच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. मला आधी वाटलं, त्यांना भोवळ आली. मग लक्षात आलं, ते हात बघतायत. पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, पेपर हलवत, टाळ्या देत चालली होती, आणि मामा एकेक उजवा हात बघत होते. आमच्या पेनानं लिहिलं असतं तर मधल्या बोटाला शाई लागलीच असती, आणि त्या वर्षीच्या पेनानं तर मनगटापर्यंत. कुणाच्याही बोटाला शाई नव्हती. स्वच्छ, घामेजलेली, पोरासोरांची बोटं. शेवटचं पोरगं गेलं तसे मामा खाली कट्ट्यावर बसले.

“एकाचं बी नुकसान न्हाय झालं गं,” ते म्हणाले.

मग हसायला लागले. मी या माणसाला मोठ्यानं हसताना तोवर ऐकलं नव्हतं. त्यांना ती न झिजलेली निब आठवली होती, दरवर्षी घरादाराला बोलावून दाखवलेली. झिजणार कशी? मलाही हसू फुटलं आणि रागाचं काय झालं ते कळलंच नाही. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, “किती वर्सं ह्या दिसांत माझ्या डोळ्याला डोळा लागला न्हाय. कुनाचा पेन अडला आसंल, कुनाची शाई सांडली आसंल. आन् ती पोरं निवांत हुती.”

दुखलं नसेल असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी ते खिडकीपाशी बराच वेळ नुसतेच बसले होते. येडशीहून नवराही तीच बातमी घेऊन आला होता आणि ती कशी सांगावी म्हणून दारातच घुटमळत होता. पण त्याआधी त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्या कारागिरीचं काय झालं हे त्यांना नंतर आठवलं. पोरं वाचली हे आधी. बॉलपेनचं खोकं त्यांनी घरात आणून उघड्यावर टेबलावर ठेवलं. आत्यांनी त्यातला एक उचलला, तळहातावर रेघ ओढून बघितली आणि म्हणाल्या, बरं झालं, मला लई दिवसांपासून पाहिजे होता. मीही ट्रंकेच्या तळाचा माझा काढला.

आता त्या लेथवर नवरा बसतो. मामांनी ऐंशी ओलांडली आहे, कान गेलेत, पण लेथ चालू आहे की बंद हे त्यांना जमिनीवर पाय टेकले की समजतं. आमचे पेन आता कुरियरनं दूरच्या शहरांत जातात. घेणारी माणसं बहुतेक पन्नाशीपुढची, ज्यांना कुठलाच पेपर द्यायचा नाही. ती फुरसतीनं लिहितात आणि लिहिलेल्या पानाचा फोटो पाठवतात. या दिवसांत अजूनही दोनचार बाप पोरांना घेऊन येतात. मी पोराला बाकावर बसवते, त्याचा हात बघते, निब मन लावून घासते, आणि देताना सांगते, हा खिशाला ठेव, पेपर बॉलपेननं लिही. बापाचा चेहरा उतरतो. पोराचा मात्र असा खुलतो की विचारू नका. परीक्षेच्या दिवसांत आमच्या घरात आता सगळ्यांना झोप लागते.

पण निब मी घासते हे कसं झालं, ते सांगायचं राहिलंच. त्याच उन्हाळ्यात निकाल लागल्यावर सुजाता पेढे घेऊन आली. चांगले मार्क पडले होते. पेढे देऊन झाले तरी जाईना. मग रुमालातून पेन काढला आणि म्हणाली, आता सुट्टीच आहे, घाई नाही, तर हा कसा लिहायचा ते शिकायचंय.

मामांनी पेनात शाई भरली आणि कागदावर एक ओळ ओढली. थेंब पडला. लेथवर नवरा, दारात आत्या, बाकावर सुजाता. त्या पेपरच्या दिवसापासून बोटांचा विषय आम्ही कुणीच काढला नव्हता. ते थंडीचं नाव सांगत राहिले असते तर आम्हीही ऐकून घेतलं असतं. मामांनी पेन खाली ठेवला आणि गिऱ्हाइकासमोर, सरळ आवाजात म्हणाले, “माझ्या बोटांस्नी आता कळंना झालंय. साथीपासनंच.”

मग त्यांनी नवी निब बसवली, दगडावर चार हात फिरवली आणि पेन माझ्याकडं केला.

“तू लिवून बघ. आन् जसं लागतंय तसं सांग. मला बरं वाटावं म्हनून सांगू नको.”

मी लिहिलं. महिनाभर पानं भरून माझ्याही हाताला काहीतरी समजायला लागलं होतं. तरी जीभ उचलेना. या घरात येऊन मला वर्षही झालं नव्हतं.

“खरडतंय, मामा,” मी म्हटलं.

“कुठं?”

“खाली येताना. डाव्या अंगाला.”

त्यांनी मान हलवली. मग निब घासायचा तो दगड, ज्याला पोटच्या पोरालाही ते हात लावू देत नसत, उचलून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “मग घे घासायला.”

मी घासायला घेतलं. सुजाता बाकावर पाय हलवत बसली होती, तिला कसलीच घाई नव्हती. थोड्या वेळानं कसं जमतंय ते विचारावं म्हणून मी वळून बघितलं, तर मामा भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर मोकळे सोडून, गाढ झोपले होते.